पोट घेऊन लातूरला

लातूरला जाऊन आलं की लोक दोनच गोष्टी विचारतात. भूकंपाचं काय म्हणतात तिकडे, आणि क्लासचं काय म्हणतात. मी सातव्या महिन्याचं पोट घेऊन गेले होते, त्यामुळे मला तिसरंच लातूर दिसलं. कोणत्या बसस्थानकावरचं बाकडं कमरेला मानवतं, नांदेड सोडल्यावर ज्वारीचं उंच रान कुठे लागतं, धपाटे किती खाल्ले की घशाशी येतात, ही माहिती मला आधी एखादीने दिली असती तर मी तिचे आभार मानले असते. कुणी दिली नाही, म्हणून मी देते. ज्या बायका या अवस्थेत या वाटेने जाणार आहेत त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. "त्यात काय एवढं" असं म्हणणाऱ्या पुरुषांनीही वाचायला हरकत नाही.

किनवट

मी आणि माझा नवरा किनवटजवळच्या एका निवासी शाळेत शिकवतो. तो गणित, मी विज्ञान. शाळेमागे सागाचं जंगल आहे आणि हिवाळ्यात तिथून अशी थंडी येते की मुलं प्रार्थनेला डोळ्यांपुरती उघडी असतात.

पहिलटकरणीने सातव्यात माहेरी जायचं, हा आमच्याकडचा रिवाज. माहेरचं माणूस मुराळी होऊन न्यायला येतं. माझा मुराळी आलाच नाही. माझं माहेर लातूरचं, आणि धाकटी बहीण मीनू यंदा बारावीला. बाबांनी फोनवर दबक्या आवाजात सांगितलं, "तिची टेस्ट सिरीज चालू आहे गं अनू. घर सोडता येत नाही." जणू घरात कुणी शेवटच्या घटका मोजत होतं.

नवऱ्याला रजा नव्हती. मग हदगावहून सासूबाईच आल्या. मी त्यांना आमच्या पद्धतीप्रमाणे आत्याबाई म्हणते. शेतातलं माणूस, नऊवारी, हातात एक पिशवी आणि तोंडात तंबाखू. सुनेला तिच्या माहेरी पोचवायला सासू निघाली हे ऐकून शेजारणी हसल्या. आत्याबाई म्हणाल्या, "हसू द्या. दात हायेत तवर हसतील."

माझं सामान बघून मात्र त्या थक्क झाल्या. एक पिशवी कपड्यांची आणि तीन उशा.

"बिऱ्हाड करून राहिलीस का तिकडं?"

"एक गुडघ्यांत ठेवायची, एक पोटाखाली, एक पाठीला. त्याशिवाय झोप लागत नाही, आत्याबाई."

"आमाला तर हातावर डोकं ठेवलं की लागत व्हती."

हे पुढचे तीन दिवस चालणार होतं. मला जे जे होत होतं ते त्यांना कधीच झालं नव्हतं. मळमळ नाही, सूज नाही, कंबर नाही. त्यांची पोरं बहुधा टपालाने आली असावीत.

खरं सांगायचं तर मी पोरांना पचनसंस्था शिकवते. पोट वाढलं की जठर वर ढकललं जातं आणि आम्ल घशाशी येतं, हे मला फळ्यावर आकृती काढून, नावं देऊन दाखवता येतं. त्याने जळजळ तसूभरही कमी होत नाही. ज्ञानाचा एवढा निरुपयोग मी आयुष्यात कधी अनुभवला नव्हता.

नांदेडपर्यंत रेल्वे. मधे गाडी बदलावी लागली, तो कंटाळा सांगत बसत नाही. एवढंच सांगते की रेल्वेला कुणी नावं ठेवली तर मी यापुढे ऐकून घेणार नाही. डब्याच्या दोन्ही टोकांना संडास असणं ही काय चैन आहे, ते मला दुसऱ्या दिवशी एसटीत कळलं.

नांदेड

नांदेडला आत्याबाईंच्या बहिणीकडे मुक्काम होता. उतरेपर्यंत माझे पाय चपलेत मावेनात. नवऱ्याची जुनी चप्पल मी पिशवीच्या तळाशी लपवून आणली होती, ती काढली. आत्याबाई बघून म्हणाल्या, "अगं, जोडीदाराची आठवण एवढी येते व्हय?"

संध्याकाळी गुरुद्वाऱ्यात गेलो. तिथल्या लंगरात जेवायला मिळतं ते इतकं साधं आणि गरम असतं की घरच्या जेवणाला उगाच नखरे आहेत असं वाटायला लागतं. पंगत जमिनीवर. बसताना काही अडचण आली नाही, बसणं हे गुरुत्वाकर्षणाचं काम. उठायची वेळ आली तेव्हा मी एका बाजूला कलले, दुसऱ्या बाजूला कलले, आणि तिथेच राहिले. रांगच्या रांग उठून गेली. पुढच्या पंगतीचं माणूस ताटं मांडत माझ्यापर्यंत आलं आणि त्याने माझ्यापुढेही एक ताट ठेवलं. नाही म्हणायला जीभ रेटेना, म्हणून मी दुसऱ्यांदा जेवले.

शेवटी एका उंच सरदारणीने काखेत हात घालून मला उभं केलं. पंजाबीत काहीतरी म्हणाली. मला कळलं नाही, पण आत्याबाईंनी मराठीत उत्तर दिलं, "हाव बाई, पैलंच हाय," आणि दोघींचं पुढे बराच वेळ व्यवस्थित चाललं. बाळंतपणाच्या बोलण्याला भाषा लागत नसावी.

पहाटे पोटरीत गोळा आला. ज्यांना हा आलेला नाही त्यांना सांगते, आतून कुणीतरी ओलं धुणं पिळतं तसं वाटतं. मी ओरडले. आत्याबाई उठल्या, माझा अंगठा धरला आणि तळपाय माझ्याच दिशेने वाकवून दाबून धरला. गोळा उतरला.

"तुम्हाला तर कधी गोळे आले नव्हते ना?" मी विचारलं.

"न्हाई आले. म्हशीला आले व्हते," म्हणाल्या आणि पुन्हा हातावर डोकं ठेवून झोपल्या.

लोह्याच्या अलीकडे

नांदेडच्या बसस्थानकावर लातूरची गाडी लागली तेव्हा आत्याबाईंनी जागा धरायला खिडकीतून माझी एक उशी आत फेकली. ती एका गृहस्थांच्या मांडीवर पडली. ते इतके गांगरले की स्वतःच उठून उभे राहिले. त्यामुळे आम्हाला ड्रायव्हरच्या मागची जागा मिळाली. मागच्या चाकावर बसू नका, हा या लेखातला सर्वांत मोलाचा सल्ला समजा.

मी एक शहाणपणा केला होता. गाडीत सोय नाही म्हणून सकाळपासून पाणीच प्यायले नव्हते. फायदा काही झाला नाही. डोकं चढलं, जळजळ वाढली, आणि नांदेडची शेवटची घरं मागे पडतात न पडतात तोच लघवी लागायची ती लागलीच. मी गप्प बसले. घाम फुटला. आत्याबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कंडक्टरला हाक मारली.

"भाऊ, गाडी थांबीव."

"मावशे, लोहा आलंच की आता."

"लोहा तुह्यासाठी आलं. हिच्यासाठी न्हाई. पोटुशी हाय पोरगी. लेकरू नाचून राहिलं लघवीच्या पिशवीवर."

अख्खी गाडी वळून बघायला लागली. मूत्राशय हा शब्द मी दरवर्षी पन्नास पोरांपुढे न लाजता उच्चारते. त्या क्षणी मात्र उशी तोंडावर घ्यावीशी वाटली. ड्रायव्हरने काही न बोलता गाडी बाजूला घेतली. ज्वारी पुरुषभर उंच उभी होती. मी उतरले. माझ्या मागून एक म्हातारी उतरली. तिच्या मागून तिची सून. मग शाळेच्या बाई वाटाव्यात अशा दोघी, मग कडेवर पोर घेतलेली एक. सगळ्या गंभीर चेहऱ्याने, जणू पीकपाहणीला निघाल्या होत्या. परत येताना म्हातारी मला म्हणाली, "बरं झालं बाई तुला दिवस गेले. मी कंधार फाट्यापासून दाबून बसले व्हते."

गाडी सुरू झाल्यावर आत्याबाईंनी पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. "पे. गाडी थांबवायचं माह्याकडं लागलं." मी प्यायले. त्यानंतर गाडी अहमदपूरच्या आधी एकदा आणि नंतर एकदा थांबली, आणि दोन्ही वेळा मला मागावं लागलं नाही. बायकांनीच "त्या पोटुशीला विचारा" म्हणून कंडक्टरला सुचवलं.

चाकूरच्या पुढे एका फाट्यावर दही-धपाटे मिळतात. ज्वारीच्या पिठाचे, तव्यावरून थेट पानात, सोबत घट्ट दही आणि ठेचा. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा खावं असं मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी थोडं थोडं, पण लागोपाठ खाल्लं. ठेच्याकडे हात गेला तेव्हा आत्याबाईंनी तो उचलला. "दही लेकराला. हे मला." आणि खरंच सगळा ठेचा दह्याशिवाय संपवला. त्यांना जळजळही कधी झालेली नाही, हे आता माझ्या लक्षात आलं.

लातूर

मी लहान होते तेव्हा आमच्या गल्लीत एक पिठाची गिरणी होती आणि दुसरं काही नव्हतं. आता गिरणीच्या डोक्यावर फिजिक्स, समोर केमिस्ट्री आणि कोपऱ्यावर मुलींची मेस. भिंतीभिंतीवर सरांचे फोटो, निवडणुकीला उभे असावेत तसे हात जोडून. सायकलींच्या गर्दीतून रिक्षा नेताना रिक्षावाला म्हणाला, "दहावीला चांगले मार्क पडल्यालं पोरगं दिसलं की जरा जपून चालवतो बाई. उद्याचा डॉक्टर असतोय."

घरी पोचले. आईने दार उघडलं, मला पाहून तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने तोंडावर बोट ठेवलं. "हळू बोल. मीनूचं रिव्हिजन चालू आहे."

टीव्हीवर चादर घातली होती. कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून डाळ पातेल्यात शिजत होती. भिजवलेले बदाम मीनूला, दूध मीनूला, खिडकीजवळची हवेशीर खोली मीनूला. मीनूला थकवा येऊ नये, मीनूचं मन प्रसन्न राहावं, मीनूपुढे वाईटसाईट बोलू नये. त्या घरात एक नाजूक अवस्था चालू होती, पण ती माझी नव्हती. रात्री जेवताना आई मला हलकेच म्हणाली, "अनू, तुझ्या ढेकरांचा आवाज तिच्या खोलीत जातो गं."

आत्याबाईंनी घास खाली ठेवला. "विहीणबाई, पोटुशी नेमकी कोण हाय?"

आई शरमली आणि मला दोन बदाम मिळाले.

आणखी एक सांगायला हवं. भूकंपानंतर बाबा स्लॅबखाली झोपत नाहीत. अंगणात पत्र्याची खोली आहे, रात्री सगळे तिथे, आणि दाराला कडी नाही. त्या पहाटे किल्लारीकडे जे झालं त्याच्या मानाने आमच्याकडे भांडी पडण्यावर निभावलं होतं. पण पुढे कितीतरी महिने धक्के येत राहिले, आणि "हललं" असं कुणी म्हटलं की सगळी गल्ली रस्त्यावर. तेव्हापासून आमच्या घरात तो शब्दच बंद आहे. दात ढिला होतो, पाळणा झुलतो, टेबल डुगडुगतं. हलत काहीच नाही. मी लग्न होऊन किनवटला गेले आणि हा नियम विसरले. "आई, बाळ आज दुपारी किती हल..." एवढंच बोलले तर तिने माझं तोंड दाबलं. "खेळलं म्हण."

येळवस

दुसऱ्या दिवशी वेळ अमावस्या. आम्ही तिला येळवस म्हणतो. पुण्या-मुंबईच्या लोकांना हा सण माहीत नसतो आणि त्यांना सांगूनही पटत नाही की या दिवशी अख्खं लातूर कुलूप लावून रानात जेवायला जातं. दुकानदार, वकील, डॉक्टर, सगळे. ज्याला रान नाही त्याला दुसऱ्याचं रान असतं.

औशाच्या वाटेवर आमचं थोडं रान आहे. चुलतभाऊ कसतो. त्याच्याच जीपने गेलो. मीनूला तासाभरासाठीही नेलं नाही, कारण तिच्या क्लासने येळवशीलाच टेस्ट ठेवली होती. रानाच्या मधोमध कडब्याची कोप उभी केलेली, आत चुन्याने रंगवलेले दगडांचे पांडव मांडलेले. पूजा झाली, अर्धवट कानडी आरोळ्या देत बाप्यांनी रानाला फेरी मारली, आणि मग जेवण. दहा-बारा कडधान्यं आणि हिरव्या शेंगा घालून केलेली दाट भज्जी, बाजरीचे उंडे, आणि मडक्यातली गार आंबट आंबील. मी कोपीच्या सावलीत पोत्यावर बसले, पाठीला उशी, पाय कडब्याच्या पेंढीवर वर ठेवलेले. वारा होता. गेल्या सात महिन्यांत कंबर, पाय आणि घसा असे तिघेही एकाच वेळी गप्प बसलेले मला आठवत नाहीत. मी मनात म्हटलं, बाळंतपण इथेच करावं.

जेवण झालं, बायका भांडी आवरायला लागल्या, आणि माझ्या लक्षात आलं की बाळही गप्प आहे.

जेवले की ते खेळायचं. ते ठरलेलंच होतं. मी आठवायला लागले. सकाळी आंघोळीच्या वेळी ढुशी दिली होती. त्यानंतर? जीपमध्ये नाही. पूजेला नाही. मी पाणी प्यायले, कुशीवर झाले, पोटावर हात ठेवून वाट पाहिली. काही नाही. पुन्हा पाहिली.

मला भीती वाटली. एरवी मी कशाचीही थट्टा करते, पण ही सरळच लिहिते.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "अगं, जेवण अंगावर आलं असेल. थोडं पड, बरं वाटेल." काकू म्हणाली, "उन्हाचं असंच होतंय." आत्याबाई उंडा खात होत्या. त्यांनी तो पानात ठेवला, हात धुतला आणि उभ्या राहिल्या.

"ऊठ. निघायचं."

"विहीणबाई, जरा वेळ बघू की," आई म्हणाली.

"बघायचं न्हाई. निघायचं."

तो आवाज मी आधी ऐकला नव्हता. चुलतभावाने जीप काढली, बाबा पुढे बसले.

दवाखाना

शहर ओस पडलं होतं. शटरं बंद, चौकात कुत्री झोपलेली. फक्त वरच्या मजल्यांवरच्या खिडक्यांतून वाकलेली डोकी दिसत होती. बारावीवाले.

माझं नाव आईने ज्या डॉक्टरीणबाईंकडे घातलं होतं त्यांचा दवाखाना एका इमारतीत खाली, आणि वर मीनूचा क्लास. बाई येळवशीला गेलेल्या. सिस्टर होती, कोवळी पोरगी. "निघाल्यात बाई तिकडनं, येतील आता," म्हणाली. मला आडवं केलं, बाळाचे ठोके ऐकायची नळी पोटावर ठेवून कान लावला. जागा बदलून पुन्हा लावला. बराच वेळ लावला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला नीट समजंना. बाईच बघतील. डाव्या कुशीवर पडून राहा."

बाबांनी ठरवलं, बाई लवकर आल्या नाहीत तर सरकारी दवाखाना. चुलतभाऊ रानातली माणसं आणायला जीप घेऊन परत गेला होता, म्हणून ते रिक्षा शोधायला गेले. येळवशीला लातुरात रिक्षा शोधणं सोपं नसतं.

मला बाहेरच्या हॉलमध्ये बाकावर डाव्या कुशीवर झोपवलं. आत्याबाईंनी माझे पाय मांडीवर घेतले. हळूहळू हॉल भरायला लागला. रानातून परतलेल्या गरोदर बाया, पोटात भज्जी आणि आंबील. एकीला जळजळ. सिस्टर तिला सांगत होती, जेवल्या जेवल्या आडवं पडू नका, डोक्याकडची बाजू उंच ठेवा. दुसरीचे पाय इतके सुजलेले की जोडवी रुतलेली. जळकोटच्या एकीला गोळे येत होते. औशाकडची एक चांगली भरलेली बाई भिंतीला टेकून बसली होती आणि सगळ्यांना सांगत होती, "चौघींनी धरलं तवा बसले. आता उठायची न्हाई. कंबर म्हणून उरलीच न्हाई मला." मग कुणाला ओवा मानवतो, कुणाला गार दूध, कुणाला मनुका, यावर चर्चा जोरात सुरू झाली.

सकाळी मीही त्यात हिरिरीने उतरले असते. माझ्याकडे जळजळ होती, सूज होती, गोळा होता, आणि पुराव्यादाखल नवऱ्याची चप्पल होती. आता मला ते सगळं दुप्पट चाललं असतं. रोज आलं असतं तरी चाललं असतं. मला फक्त एक लाथ हवी होती. आई पलीकडे डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. आत्याबाई माझे पाय घट्ट धरून समोरच्या भिंतीकडे बघत होत्या.

आणि बसली. बरगडीखाली, जोरात, चांगली सणसणीत. पाठोपाठ दुसरी.

"हललं!" मी ओरडले. "आत्याबाई, हललं! हललं!"

पुढचं सगळं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच झालं. चौघींनी धरून बसवलेल्या बाईने उंबरा एका ढांगेत ओलांडला. सुजलेल्या पायांची तिच्या मागोमाग. जळकोटची चप्पल न घालता. माझी जन्मदाती आई मला ओलांडून गेली. सिस्टर इंजेक्शनचा ट्रे घेऊन पळाली, रिकाम्या हाताने पळावं हे तिला सुचलं नाही. वरून कुणीतरी "हललं!" म्हणून तोच शब्द पुढे दिला, आणि जिन्यावरून अख्खा क्लास गडगडत खाली आला. त्या आवाजाने भिंती खरोखरच थरथरल्या. हॉलमध्ये मी उरले आणि माझे पाय मांडीवर घेतलेल्या आत्याबाई.

"तुम्ही नाही पळालात?" मी विचारलं.

"मला कळलं की, काय हललं ते," त्या म्हणाल्या. "खरंच खेळलं?"

मी त्यांचा हात पोटावर ठेवला. बाळाने त्यांनाही एक दिली.

बाहेर आलो तर रस्त्यावर जत्रा. पोरं प्रश्नपत्रिका हातात धरून उभी. एकजण शपथेवर सांगत होता की पंखा झुलताना त्याने स्वतः पाहिला. दुसऱ्याने भिंतीला तडा गेल्याचं सांगितलं. मीनू अनवाणी धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली. "ताई, तुला काही झालं नाही ना? किती मोठा होता?"

मला सांगावंच लागलं. "भूकंप नव्हता. बाळ हललं."

मग कुणीतरी फिस्सकन हसलं आणि रस्ताभर हशा पिकला. टेस्ट बुडाल्याच्या आनंदात पोरं जास्तच हसत होती. त्यांचे सर खडूचे हात घेऊन पुढे आले. "म्हणजे भूकंप नाही?"

"नाही सर."

"नक्की?"

"मुलगा की मुलगी ते माहीत नाही, पण भूकंप नाही," आई म्हणाली. मला ओलांडून गेल्याची शरम तिला आता वाटायला लागली होती.

मीही हसत होते, तेवढ्यात मला औशाकडची बाई दिसली. ती समोरच्या ओट्यावर बसली होती आणि दोन्ही हातांनी पोट धरून थरथरत होती. तिच्या बरोबरची म्हणाली, भूकंपाच्या त्या पहाटे हिला मातीखालून काढलं होतं. माझं हसू जागच्या जागी थांबलं. मी जवळ जाऊन म्हटलं, "चुकलं माझं. मी शब्द विसरले."

"तुमचं काय चुकलं," ती म्हणाली. "मला कळून राहिलं की काय न्हाई झालं. पायांना न्हाई कळत." मग तिने माझ्या पोटावर हात टेकला. "खेळलं न्हवं? मग बास."

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंची गाडी आली. केसांत कडब्याची काडी, पदराला हळदीचा डाग. रस्त्यावर उभ्या असलेल्या आपल्या पेशंटांकडे त्यांनी एकवार पाहिलं. "वा. सगळ्यांच्या कमरा बऱ्या झालेल्या दिसतात."

सिस्टरने त्यांना माझं सांगितलं तसा त्यांचा चेहरा बदलला. मी म्हटलं, "बाई, आता हललं. दोनदा. तीनदा."

"हललं ते चांगलंच. तरी ऐकल्याशिवाय सोडणार नाही. आत चला."

मी निघाले, पण बाकीच्या बाया दारातच आडव्या आल्या. इमारत पक्की आहे कळेपर्यंत पोटुशीला आत न्यायचं नाही, यावर त्यांचं एकमत होतं. बाईंनी वाद घातला नाही. बाक बाहेर मागवला. बायांनी अंगावरच्या शाली सोडून चारी बाजूंनी धरल्या, सर्वांत आधी औशाकडच्या बाईने. सरांनी पोरांकडे वळून वर्गातला आवाज काढला, "सगळ्यांनी तोंडं तिकडे! एकही शब्द नको!" दोनशे पोरं एका झटक्यात पाठमोरी झाली. लातूर पॅटर्नची एवढी चांगली फळं मी याआधी पाहिली नव्हती.

शालींच्या आत बाईंनी नळी ठेवली आणि कान लावला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, ओठ हलवत मोजलं, आणि हसल्या.

"आहे. मस्त पळतंय."

मी रडले. आई रडली. शाली धरलेल्या बायाही रडल्या, पण शाली सोडल्या नाहीत.

"आजची रात्र इथेच राहा, मी लक्ष ठेवते," बाई म्हणाल्या. "आणि पुन्हा असं गप्प वाटलं तर येळवस असो की दिवाळी, लगेच यायचं. हिला आणायला कुणी लावलं?"

आईने आत्याबाईंकडे बोट दाखवलं. आत्याबाई पुढे झाल्या. त्यांच्या तोंडून एवढा लहान आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"बाई, मला यील का आयकू?"

बाईंनी नळी त्यांच्या हातात दिली, कुठे ठेवायची ते दाखवलं. आत्याबाई वाकल्या. पदर घसरला तो त्यांनी सावरला नाही. कान लावून डोळे मिटून त्या तशाच राहिल्या. मिनिट झालं असेल, जास्तही झालं असेल. आई हळूच म्हणाली, "विहीणबाई?" पलीकडे कुणीतरी पोरगा चुळबुळला, त्याला सरांनी दटावलं.

मान वर न करता आत्याबाई म्हणाल्या, "माह्या पैल्याचं असं कुणी आयकलंच न्हाई. गप्प झालं व्हतं. मी सांगून राहिले व्हते, घरात कुणी उठलंच न्हाई."

डॉक्टरीणबाईंनी नळी परत मागितली नाही.